आपत्तीनंतरची सरकारी मदत : ती कशी ठरते, कोणास मिळते

२०२३ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या २३ तारखेची पहाट पश्चिम नागपुरांतील लोकांच्या अद्याप ध्यानांत आहे. मध्यरात्र उलटल्यावर पावसानें असा जोर धरला कीं, अवघ्या कांहीं तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाणी शहरावर कोसळलें. अंबाझरी तलाव सांडव्यावरून ओसंडून वाहूं लागला, नाग नदी पात्र सोडून वस्त्यांत शिरली, आणि अंबाझरी ले-आऊट, डागा ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर येथपासून सीताबर्डीपर्यंत जे लोक कोरड्या अंथरुणावर निजले होते ते पाण्यांत जागे झाले. शंकरनगरच्या मूकबधिर विद्यालयांतील मुलांची पाण्यांतून सुटका करावी लागली. मोरभवनच्या स्थानकांत उभ्या असलेल्या बसगाड्या बुडाल्या. लष्कराची तुकडी बोलवावी लागली. कांहीं जणांना प्राणास मुकावें लागलें. सुमारें दहा हजार घरांत पाणी शिरल्याचें त्या वेळीं सांगण्यांत आलें. पुढें कांहीं तासांत पाणी ओसरलें. राहिला तो चिखल.

गाद्या, धान्याचे डबे, मुलांचीं पुस्तकें उन्हांत वाळत पडलीं असतां जो तो एकच प्रश्न विचारीत होता : सरकार काय देणार? ज्यांच्या घरांत पाणी शिरलें त्या कुटुंबास दहा हजार रुपये, दुकानदारास नुकसानीप्रमाणें पन्नास हजारांपर्यंत, टपरीवाल्यास दहा हजारांपर्यंत, आणि मृताच्या वारसांस चार लक्ष रुपये, अशी मदत राज्य सरकारनें जाहीर केली. हे आंकडे सर्वांनीं वर्तमानपत्रांतून वाचले. परंतु दहा हजारच कां? पंधरा कां नाहींत, किंवा पांच कां नाहींत? ज्याचें दोन लाखांचें सामान बुडालें त्याला, आणि ज्याच्या घरांत केवळ घोटाभर पाणी आलें त्यालाही, तितकेच कां? हे प्रश्न पुष्कळांनीं रागानें विचारले; समजून घेण्यासाठीं फार थोड्यांनीं विचारले. त्यांचीं उत्तरें माहीत असणें प्रत्येक नागरिकाच्या हिताचें आहे. कारण पुढची आपत्ति कोणाच्या दारीं येईल हें कोणास सांगतां यावयाचें नाहीं.

पहिली गोष्ट ध्यानांत धरावयाची ती ही कीं, सरकारची ही मदत म्हणजे नुकसानभरपाई नव्हे. रस्त्यासाठीं कोणाची जमीन घेतली तर सरकार मोबदला देतें, कारण तेथें सरकारनें कांहीं घेतलेलें असतें. विमा कंपनी पैसे देते, कारण तिनें हप्ते घेतलेले असतात. आपत्तीनंतरच्या मदतीच्या मागें असा व्यवहार नसतो. संकटांत सांपडलेल्या माणसाची चूल पुन्हां पेटावी, त्याला पुढच्या हंगामाचें बीं घेतां यावें, डोक्यावर कांहीं तरी छप्पर यावें, एवढ्यासाठीं दिलेला तो पहिला आधार असतो. म्हणून ती रक्कम गेलेल्या वस्तूच्या किंमतीवरून ठरत नाहीं. गरजेच्या ठोकळ अंदाजावरून ठरते. श्रीमंताचा सोफा आणि गरिबाची सतरंजी या हिशेबांत सारखींच मोजलीं जातात. हें न्याय्य कीं अन्याय्य याचा विचार आपण पुढें करूं. पण ती पद्धति अशी आहे, हें आधीं मान्य केलें पाहिजे.

ही पद्धति आली कोठून? आपल्या देशांत ती दुष्काळांतून जन्मास आली. १८७६ ते १८७८ या वर्षांच्या भयंकर दुष्काळानंतर इंग्रज सरकारनें एक आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८० सालीं आला, आणि त्यावरून १८८३ मध्यें दुष्काळ-संहितेचा नमुना तयार होऊन निरनिराळ्या प्रांतांनीं आपापल्या संहिता केल्या. त्याच सुमारास, म्हणजे १८८३ व १८८४ या वर्षीं, शेतकऱ्यास तगाई देण्याविषयींचे दोन कायदे झाले. आपल्या मध्यप्रांताला या संहितेची कठोर परीक्षा लवकरच द्यावी लागली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनीं हा प्रांत होरपळून निघाला. त्या वेळच्या मदतीचीं अंगें चार होतीं : धडधाकट माणसाला खडी फोडण्याचें किंवा तलाव खोदण्याचें काम, वृद्ध व अपंगांना फुकट अन्न, शेतसाऱ्याची तहकुबी अथवा सूट, आणि बीं-बैलांसाठीं तगाई. संकट खरें आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं आधीं कसोटीचीं कामें काढीत. तुटपुंज्या मजुरीवरही माणसें कामास लोटलीं, तर दुष्काळ खरा असें समजत. या संहितेचा हेतु माणसाचा प्राण वांचविणें एवढाच होता. त्याचें घरदार, त्याची मालमत्ता तिच्या दृष्टीच्या बाहेर राहिली. आजच्या मदतीचे दर वाचतांना जी काटकसर जाणवते, तिचें मूळ बरेंचसें येथें आहे.

स्वातंत्र्यानंतर यांत एक मोठा पालट महाराष्ट्रानें केला. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हां वि. स. पागे यांनीं पुरस्कारिलेली रोजगार हमीची कल्पना व्यापक प्रमाणावर अमलांत आली. मे १९७३ मध्यें दुष्काळी कामांवर सुमारें पन्नास लाख मजूर होते. पुढें १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. संकटांत काम देणें ही सरकारची मेहेरबानी नसून मागणाराचा तो हक्क आहे, हें तत्त्व कायद्याच्या पुस्तकांत प्रथम आपल्या राज्यानें लिहिलें. आपत्ति-मदतीच्या इतिहासांत हें पाऊल फार मोलाचें आहे, कारण मदत आणि हक्क यांमधील अंतर किती हाच या विषयाचा गाभा आहे.

आतां पैसा येतो कोठून तें पाहूं. पूर्वीं मोठी आपत्ति आली म्हणजे राज्यानें दिल्लीस हात पसरावे आणि दिल्लीनें कांहीं द्यावें, असा प्रघात होता. नवव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून १९९० पासून प्रत्येक राज्यासाठीं आपत्ति निवारण निधि निराळा काढून ठेवण्यास आरंभ झाला. २००५ सालीं आपत्ति व्यवस्थापनाचा कायदा झाला, आणि त्याच्या ४८ व्या कलमाप्रमाणें राज्य आपत्ति प्रतिसाद निधि उभा राहिला. २०१० पासून त्यानें जुन्या निधीची जागा घेतली. महाराष्ट्रासारख्या राज्यांत या निधीच्या प्रत्येक शंभर रुपयांपैकीं पंचाहत्तर केंद्र सरकार घालतें व पंचवीस राज्य सरकार. डोंगराळ व ईशान्येकडील राज्यांस केंद्राचा वांटा नव्वद असतो. २०२१ ते २०२६ या पांच वर्षांसाठीं पंधराव्या वित्त आयोगानें अशी योजना केली कीं, एकंदर रकमेचे शेंकडा ऐंशी भाग आपत्ति आल्यानंतरच्या कामासाठीं आणि वीस भाग ती येऊं नये किंवा सौम्य व्हावी यासाठीं खर्चावे. त्या ऐंशींतही चाळीस तांतडीच्या मदतीस, तीस पुन्हां उभारणीस व दहा पूर्वतयारीस, असे पोटभाग पाडले. राज्याचा निधि पुरेनासा झाला तर केंद्राचें पथक पाहणीस येतें आणि राष्ट्रीय निधींतून अधिक रक्कम मिळूं शकते. मुख्यमंत्री सहायता निधि म्हणून आपण जें नांव ऐकतों तो मात्र अगदीं निराळा. तो लोकांच्या देणग्यांवर चालतो, आणि त्यांतून दिलेली रक्कम वरील मदतीच्या वेगळी असते.

या निधींतून कोणत्या नुकसानीस किती द्यावयाचें, याचे निकष केंद्राचें गृहमंत्रालय ठरवून देतें. २०२२ ते २०२६ या कालखंडासाठीं ठरलेले कांहीं दर सांगतों. आपत्तींत माणूस दगावल्यास वारसांस चार लक्ष रुपये. हात, पाय किंवा डोळा जाऊन शेंकडा साठांहून अधिक अपंगत्व आल्यास अडीच लक्ष. चाळीस ते साठ टक्के असल्यास ७४ हजार. सपाट प्रदेशांत घर पूर्ण पडल्यास एक लक्ष वीस हजार. पक्क्या घराची निदान पंधरा टक्के पडझड झाल्यास ६,५०० रुपये, कच्च्या घराची झाल्यास चार हजार. झोंपडी गेल्यास आठ हजार. दुभती गाय किंवा म्हैस मेल्यास ३७,५००, ओढकामाचा बैल मेल्यास ३२ हजार, शेळी-मेंढीस चार हजार. पिकाचें नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक असेल तरच मदत, आणि तीही दोन हेक्टरांपर्यंत : कोरडवाहूस हेक्टरीं ८,५००, बागायतीस १७ हजार, बहुवार्षिक पिकांस २२,५००. पुरानें जमीनच खरवडून गेली तर अल्पभूधारक शेतकऱ्यास हेक्टरीं ४७ हजार. हे दर कांहीं वर्षांनीं बदलतात. म्हणून आंकडे पाठ करण्यापेक्षां त्यांमागची रीत समजून घेणें अधिक उपयोगाचें.

काटोल-नरखेडकडील एखादा शेतकरी डोळ्यांसमोर आणा. त्याची पांच एकर, म्हणजे सुमारें दोन हेक्टर, कोरडवाहू कपाशी आहे. ऑगस्टांतल्या अतिवृष्टीनें निम्मी कपाशी पिवळी पडून गेली. नुकसान ३३ टक्क्यांच्या वर आहे म्हणून तो मदतीस पात्र. त्याला वरील दरानें १७ हजार रुपये मिळतील. तेवढ्याच जमिनींत संत्र्याची बाग असती तर ४५ हजार मिळाले असते. बियाणें, खत, फवारणी, निंदणी, वेंचणी यांचा खर्च ज्यानें केला आहे त्याला १७ हजारांची किंमत सांगावयास नको. पण त्याच्या शेजाऱ्याचें नुकसान तीस टक्के ठरलें तर त्या शेजाऱ्याला एक रुपयाही मिळणार नाहीं. तीस आणि तेहतीस यांतील तीन टक्क्यांचें अंतर बांधावर उभें राहून डोळ्यांनीं मोजावयाचें असतें, आणि तें मोजणाऱ्याच्या लेखणीवर एका घराचा पुढचा हंगाम अवलंबून असतो.

राज्य सरकार या दरांत आपल्या तिजोरींतून भर घालूं शकतें, आणि महाराष्ट्रानें ती अनेकदां घातली आहे. १ जानेवारी २०२४ च्या शासन निर्णयानें कोरडवाहूचा दर हेक्टरीं १३,६०० व मर्यादा तीन हेक्टर केली होती. मे २०२५ मध्यें सरकार पुन्हां केंद्राच्या दरावर व दोन हेक्टरांवर आलें. आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरांत मराठवाड्यांत महापूर आल्यावर ऑक्टोबरांत ३१,६२८ कोटी रुपयांची योजना जाहीर होऊन मर्यादा पुन्हां तीन हेक्टर झाली, व रब्बीच्या पेरणीसाठीं हेक्टरीं दहा हजार रुपये वेगळे देऊं केले. यावरून एक गोष्ट उघड होते. केंद्राचे निकष हा पाया आहे, आणि त्यावरची भर ही त्या त्या वेळच्या सरकारच्या निर्णयाची बाब आहे. संकट मोठें व सर्वांच्या डोळ्यांत भरणारें असलें कीं भर पडते. संकट लहान व एकट्या-दुकट्यावर आलेलें असलें कीं पायावरच भागवावें लागतें. ज्याच्या एकट्याच्या गोठ्यावर वीज पडली त्याचें दुःख मराठवाड्याच्या पूरग्रस्ताहून कमी नसतें. पण त्याच्यासाठीं मंत्रिमंडळाची बैठक बसत नाहीं. त्यांतल्या त्यांत समाधानाची गोष्ट एवढीच कीं, वीज पडणें, अवेळीं पाऊस, अतिवृष्टि, समुद्राचें उधाण व आकस्मिक आग यांना महाराष्ट्रानें २०१४ सालीं राज्याच्या आपत्तींच्या यादींत घेतलें, त्यामुळें त्यांनाही या निधीचें दार उघडें झालें.

आतां नागपूरच्या दहा हजारांकडे परत येऊं. केंद्राच्या निकषांत घरगुती सामानाविषयीं जें कलम आहे तें असें कीं, घर वाहून गेलें, पूर्ण पडलें, किंवा दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखालीं राहिलें, तर त्या कुटुंबास कपड्यांसाठीं २,५०० आणि भांड्यांसाठीं २,५०० रुपये द्यावे. हा नियम करणारांच्या डोळ्यांपुढें गंगेचा किंवा ब्रह्मपुत्रेचा पूर होता असें वाटतें. तेथें पाणी चढतें तें आठवडा-आठवडा उतरत नाहीं. नागपुरांत पाणी कांहीं तासांतच ओसरलें. नियम अक्षरशः लावला असता तर अंबाझरी ले-आऊटमधील ज्या बाईचे शीतकपाट, पीठ, लुगडीं, मुलांचीं प्रमाणपत्रें सारीं चिखलांत गेलीं, तिला कांहींच मिळालें नसतें, कारण तिच्या घरांत पाणी दोन दिवस राहिलें नव्हतें! राज्य सरकारनें दोन दिवसांची अट शिथिल केली आणि पांचाचे दहा हजार केले, म्हणून तिला मदत मिळूं शकली. २०१९ मध्यें सांगली-कोल्हापूरकडे व २०२१ मध्यें कोंकणांत महापूर आला तेव्हांही राज्यानें दर असेच वाढविले होते. ही सवलत दर वेळीं नव्यानें जाहीर करावी लागते, ही तिची उणीव आहे. शहरांचे पूर हे आतां अपवाद राहिलेले नाहींत. सिमेंटचे रस्ते, बुजलेले नाले आणि नदीच्या पात्रांतलीं बांधकामें यांमुळें पाणी अकस्मात् येतें आणि लवकर जातें. पण जातांना संसार घेऊन जातें. निकषाचें मोजमाप पाणी किती दिवस राहिलें यावर नसावें, तें घरांत किती उंच चढलें यावर असावें.

मदतीची घोषणा झाली म्हणजे पैसा मिळाला असें मात्र नव्हे. घोषणेनंतर शासन निर्णय निघावा लागतो, निधि जिल्हाधिकाऱ्याकडे यावा लागतो, आणि त्या आधीं पंचनामा व्हावा लागतो. पंचनामा हा या सगळ्या इमारतीचा पायाचा दगड. खेड्यांत तलाठी, ज्याला आपल्या विदर्भांत जुनीं माणसें अद्याप पटवारी म्हणतात तो, ग्रामसेवक आणि कृषि सहायक असे मिळून पाहणी करतात. शहरांत महसूल व महापालिका यांचीं पथकें फिरतात. काय गेलें, किती गेलें, कोणाचें गेलें हें लिहून त्यावर पंचांच्या सह्या होतात. अतिवृष्टि झाली कीं नाहीं हें महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावरून ठरतें. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर ही त्याची रेघ. पर्जन्यमापक मंडळाच्या एका टोंकाला आणि पाऊस दुसऱ्या टोंकाला, अशीही गंमत होते; तेव्हां प्रत्यक्ष पाहणीचा आग्रह धरावा लागतो. अलीकडे भ्रमणध्वनीवरून छायाचित्रांसह नोंद करण्याच्या ई-पंचनाम्याचा प्रयोग नागपूर विभागांत झाला. पात्र व्यक्तींच्या याद्या होऊन प्रत्येकास विशिष्ट क्रमांक मिळतो, सेवा केंद्रावर ओळख पटवावी लागते, आणि रक्कम थेट बँकेच्या खात्यांत जमा होते. मधल्या हातांची सोय यानें पुष्कळ कमी झाली. परंतु खात्याचा क्रमांक चुकला, आधाराशीं जोडणी नसली, सातबाऱ्यावर मयत वडिलांचें नांव तसेंच राहिलें, भावाभावांनीं संमतिपत्र दिलें नाहीं, म्हणून यादींत नांव असूनही पैसा अडून राहतो, असें पुष्कळ ठिकाणीं दिसतें.

मग या व्यवस्थेच्या बाहेर कोण राहतो? ज्याची नोंद कोठेंच नाहीं तो. सीताबर्डीवर चहाची टपरी चालविणारा एखादा माणूस भंडाऱ्याकडून किंवा छिंदवाड्याकडून आलेला असतो. त्याची शिधापत्रिका गांवीं, मतदार-यादींतलें नांव गांवीं. टपरी आणि दुकान यांच्या मदतीसाठीं स्थानिक रहिवासाचा पुरावा लागतो, तो त्याच्यापाशीं नसतो. ठोक्यानें म्हणजे मक्त्यानें शेती करणाराचेंही तसेंच : पीक त्याचें, कर्ज त्याचें, पण सातबारा दुसऱ्याचा, मदत सातबाऱ्यामागें जाते. शेतमजुराचें पीकच नसतें, त्यामुळें पूर आला कीं त्याची तीन आठवड्यांची मजुरी बुडते ती कोणत्याही रकान्यांत बसत नाहीं. भाडेकरूंनीं मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. घराच्या पडझडीची मदत घरमालकाची असली, तरी कपडे-भांड्यांची मदत कुटुंबाची आहे. म्हणून पाहणीच्या वेळीं घरमालकानें आपलें एकट्याचें नांव लिहविलें तर गप्प बसूं नये. ज्यांना आधार सर्वांत अधिक हवा त्यांच्याच हातीं कागद सर्वांत कमी असतात, हें या पद्धतीचें खरें वैगुण्य आहे. दर वाढविण्याची मागणी सगळे करतात. नोंदीचें जाळें रुंद करण्याची मागणी क्वचित् कोणी करतो.

आतांपर्यंत एकेका माणसाचा विचार झाला. कित्येकदां सबंध गांवच उठतें, तेव्हां रोख पैशानें भागत नाहीं. आपल्याच जिल्ह्यांतील नरखेड तालुक्यांतल्या मोवाडचें उदाहरण जुन्या लोकांना आठवत असेल. ३० जुलै १९९१ रोजीं वर्धा नदीच्या पुरानें तें गांव गिळलें. दोनशेंहून अधिक माणसें गेलीं. अशा गांवाला माणशीं कांहीं रक्कम देऊन नदीकांठींच पुन्हां बसविणें म्हणजे पुढच्या पुराला निमंत्रण देणें होय. तेथें नवी वसाहतच उभी करावी लागते. दोनच वर्षांनीं, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारीचा भूकंप झाला आणि सुमारें आठ हजार लोक ढिगाऱ्याखालीं गेले. जागतिक बँकेच्या कर्जाच्या साहाय्यानें महाराष्ट्र सरकारनें तेथें जें पुनर्वसन केलें त्यांत दोन मार्ग होते. सर्वस्वीं उध्वस्त झालेलीं बावन्न गांवें नव्या जागीं बांधून दिलीं. आणि इतर गांवांतल्या लाखोंच्या घरांत असलेल्या पडक्या घरांसाठीं मालकासच हप्त्याहप्त्यानें पैसा व भूकंपाला टिकेल अशा बांधणीचें मार्गदर्शन दिलें. एक टप्पा बांधून झाला कीं पुढचा हप्ता. दुसऱ्या मार्गानें माणूस आपल्या गांवीं, आपल्या गरजेप्रमाणें घर बांधतो, आणि सरकारवर देखरेखीचें काम राहतें. नव्या जागीं आंखून दिलेल्या घरांत गोठा कोठें, कडबा कोठें, जातें कोठें, हे प्रश्न खेडुताला नव्यानें सोडवावे लागले. समाजाला मदत करतांना रकमेइतकेंच महत्त्व त्याला विचारून करण्याला आहे, हा किल्लारीचा धडा.

मदत हा हक्क आहे काय, या प्रश्नाला न्यायालयानेंही स्पर्श केला आहे. २००५ च्या कायद्याच्या १२ व्या कलमांत आपत्तिग्रस्तांना द्यावयाच्या साहाय्याचे किमान निकष राष्ट्रीय प्राधिकरणानें ठरवावे असें म्हटलें आहे. करोनाच्या सांथीनें दगावलेल्यांच्या वारसांना कांहीं मिळावें म्हणून अर्ज झाले, तेव्हां सर्वोच्च न्यायालयानें ३० जून २०२१ रोजीं निर्णय दिला कीं, हें कलम ऐच्छिक नसून बंधनकारक आहे. रक्कम किती हें सरकारनें ठरवावें, पण निकष ठरविण्याचें टाळतां यावयाचें नाहीं. त्यावरून पन्नास हजार रुपये ठरले आणि ते राज्यांच्या निधींतून दिले गेले. म्हणजे किती मिळावें हा अजून सरकारच्या विचाराचा भाग आहे. परंतु ठरलेल्या निकषांत जो बसतो त्याला नाहीं म्हणण्याचा अधिकार कोणत्याही टेबलामागील माणसाला नाहीं. नागपूरच्या पुरानंतर रहिवासी याहून एक पाऊल पुढें गेले. अंबाझरीच्या सांडव्यापुढील अडथळे, त्यांत तेथील विवेकानंद स्मारकाचाही प्रश्न होता, नाग नदीचें पात्र आणि धरणाची सुरक्षितता हे विषय घेऊन ते मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढें उभे राहिले. दहा हजार मिळाले, पण पुढच्या वर्षीं पुन्हां दहा हजारांची वेळ येऊं नये याचें काय, असा त्यांचा आशय होता. निधीचे वीस भाग आपत्ति टाळण्यासाठीं राखून ठेवण्यामागेंही हाच विचार आहे. नाल्यावर खर्चिलेला एक रुपया चिखलावर वांटलेल्या दहा रुपयांहून मोलाचा असतो.

शेवटीं, ज्याच्या घरीं किंवा शेतीं संकट येईल त्यानें काय करावें, तें थोडक्यांत सांगतों. चिखल धुण्यापूर्वीं, मेलेलें जनावर पुरण्यापूर्वीं, पडकी भिंत हलविण्यापूर्वीं छायाचित्रें घ्यावीं. भिंतीवर पाणी कोठवर चढलें त्याची खूण राहूं द्यावी. तलाठ्यास किंवा शहरांत तहसील कचेरीस लेखी कळवावें आणि त्या अर्जाची पोंच घ्यावी. माणूस दगावला असेल तर शवविच्छेदनाचा अहवाल मिळविण्याचें दुःखदायक काम टाळूं नये, कारण मृत्यु आपत्तीनेंच झाला हें त्यावरून सिद्ध होतें. पंचनाम्यावर सही करण्यापूर्वीं तो वाचून घ्यावा, वाचतां येत नसेल तर दुसऱ्याकडून वाचवून घ्यावा, आणि आंकडा चुकीचा वाटल्यास तसें तेथेंच लिहावें. यादी लागली कीं आपलें नांव पाहावें. नसल्यास थांबून न राहतां हरकत नोंदवावी. शेजारची विधवा, ठोक्यानें कसणारा, टपरीवाला यांचीं नांवें राहिलीं असतील तर तींही सांगावीं. कारण ज्याला कागदाची भाषा येते त्यानें ज्याला ती येत नाहीं त्याच्यासाठीं दोन शब्द लिहिणें, ही शेजारधर्मांतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठी मदत आहे.

सातबारा, शिधापत्रिका, बँकेचें पुस्तक, मुलांचे दाखले हे कागद एका पिशवींत बांधून घरांतल्या उंच फळीवर ठेवण्याचें काम मात्र पाऊस येण्याच्या आधींच करून टाकावें. त्याला शासन निर्णय लागत नाहीं.